दुसऱ्या भागानंतरचा सत्कार

ऋतुजाचा कार्यक्रम मी मोडला. तो चुकून मोडला नाही, हे आधीच लिहून टाकतो, कारण गेली दोन वर्षं मी तसंच सांगत आलो आहे.

ऋतुजा मखमलाबादची. घरची गुलाबाची शेती. शाळेतल्या सिस्टरांनी तिला लहानपणी प्रार्थनेच्या जुन्या पियानोवर बसवलं आणि ती तिथून उठलीच नाही. कॉलेज झाल्यावरही पहाटे घरच्यांबरोबर फुलं तोडायची आणि दुपारी शाळेच्या हॉलमध्ये चार तास वाजवायची. फुलं तोडताना जाड रबरी हातमोजे घालायची. चुलत्या हसायच्या, पोरगी डॉक्टरीण झाली, गुलाबाचं ऑपरेशन करती म्हणायच्या. ती शांतपणे सांगायची, "तुम्हाला काटा टोचला तर बोट दुखतं, काकू. मला टोचला तर वाजवताना आख्खं पान बिघडतं."

मी एका छोट्या संगीत मंडळाचा सचिव. शाळेकडे खुर्च्या मागायला गेलो होतो, तेव्हा तिला पहिल्यांदा ऐकलं. ती थांबली तशी मी टाळ्या वाजवल्या. मान न वळवता ती म्हणाली, "अजून आहे, काका." नंतर तिने मला समजावलं, की हे वादन तीन भागांचं असतं. दोन भागांच्या मध्ये वाजवणारा थांबतो, पण आतून तो वाजवतच असतो. "तिथं कुणी बोललं ना, की मला झोपेतून हलवून उठवल्यासारखं होतं."

तिचा कार्यक्रम मंडळात व्हावा म्हणून मी बराच भांडलो. आमचे अध्यक्ष आप्पा तबल्यातले. पियानो म्हणजे पाय फुटलेली पेटीच, त्यात वेगळं काय ऐकायचं, असं म्हणून त्यांनी दोन बैठका टोलवल्या. ऋतुजाला मात्र घाई होती. परदेशातल्या एका संगीत महाविद्यालयाला श्रोत्यांसमोरच्या सलग वादनाचं चित्रीकरण पाठवायचं होतं. मध्ये कुठंही खंड चालणार नव्हता आणि शेवटची तारीख आठ दिवसांवर आली होती. मोठा पियानो मुंबईहून ट्रकने आला, तोही एका दिवसापुरता. तिचे वडील, अण्णा, गुलाबांच्या चार पाट्या घेऊन आले आणि पियानोलाच हार घालू लागले. तिने हळूच सांगितलं, "अण्णा, ओली फुलं त्याच्यावर नको. कडेला ठेवा."

सुरू करण्याआधी तिने माझ्या हातात एक कागद दिला. मी दोनदा थांबेन, हात मांडीवर ठेवेन, तेव्हा कुणी वर यायचं नाही. मी उभी राहिले की संपलं. "कुणी उठलं तर तुम्ही बसवा, काका. तुम्हाला माहीत आहे ना, म्हणून तुम्हालाच सांगते." मी हो म्हणालो.

प्रमुख पाहुणे चाळीस मिनिटं उशिरा आले. सभागृह त्यांच्या शब्दावर मिळालं होतं, म्हणून सगळे त्यांच्यासाठी थांबले. पहिला भाग नीट झाला. दुसरा फार संथ होता. तो चालू असतानाच पाहुण्यांच्या माणसाने मला विंगेत गाठलं. साहेबांना चांदवडला लग्नाला पोचायचंय, सत्कार उरकून घ्या, म्हणाला. मी म्हटलं, एकच भाग राहिलाय, दहा मिनिटं. त्याने घड्याळ पाहिलं. "मग साहेब निघतात. पुढच्या वेळी सभागृहाचं तुमचं तुम्ही बघा."

आमच्याकडे दोन रागांच्या मध्ये सत्कार करून पाहुण्यांना मोकळं करायची पद्धतच आहे. गायक तेवढ्यात पाणी पितात, तंबोरे लावून घेतात, कुणाचं काही बिघडत नाही. मी स्वतःला तेच सांगितलं. शेवटचा सूर विरत गेला, तिने हात मांडीवर ठेवले. सभागृहात कुणी खोकत नव्हतं. मी शाल आणि माइक घेऊन तीन पायऱ्या चढलो.

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. काय होतंय तेच तिला कळलं नव्हतं. मी साहेबांना वर बोलावलं आणि टाळ्या सुरू झाल्या. वडीलधारी माणसं वर आली म्हणून ती उठून उभी राहिली. शाल, नारळ, फोटो. नारळ कुठं ठेवावा हे न कळून तिने तो माझ्याच हातात दिला. साहेब गेले, त्यांच्यामागे पुढची रांगही गेली. तिने शाल काढून बाकाखाली ठेवली, मिनिटभर डोळे मिटून बसली आणि तिसरा भाग वाजवला. छान वाजवला म्हणतात. मी विंगेत उभा होतो, मला काहीच ऐकू आलं नाही.

तिने तेच चित्रीकरण पाठवलं. वादन खंडित आहे, विचारात घेता येणार नाही, असं उत्तर आलं. मंडळाच्या बैठकीत मी म्हणालो, गैरसमज झाला, मुलीने आधी नीट सांगायला हवं होतं. ती समोरच बसली होती. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "हो. मी नीट सांगायला हवं होतं." बाहेर अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या, सचिवसाहेब. आपल्याला तरी यातलं काय कळतंय." त्या दिवसापासून त्यांच्या घरावरून जाणारा रस्ता मी टाळू लागलो.

पुढे ती शाळेत मुलांना शिकवू लागली. मुलं घाई करायची, तेव्हा म्हणायची, "पळू नका रे. सूर कुठं जात नाही." गेल्या महिन्यात दुसऱ्या एका महाविद्यालयासाठी तिला पुन्हा सलग वाजवायचं होतं आणि आप्पांनी आपणहून शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. प्रास्ताविकात ते हसत म्हणाले, "पोरी, या वेळी आमच्या सचिवांना नीट समजावून सांग बरं." सगळे हसले. तीही हसली. अण्णा खाली बघत होते.

मी उठलो आणि आप्पांच्या हातून माइक घेतला.

"मागच्या वेळी तिने नीटच सांगितलं होतं," मी म्हणालो. "लिहूनही दिलं होतं. तिसरा भाग राहिलाय हे मला माहीत होतं. पाहुणे नाराज होतील म्हणून मी वर गेलो आणि नंतर दोष हिच्यावर टाकला. हिचं ते वर्ष माझ्यामुळे गेलं. ऋतुजा, अण्णा, मी खोटं बोललो. मला माफ करा."