हेझलचं ‘वी’

आमच्या लार्न बंदराजवळच्या इस्पितळात हेझल मॅकिल्वेनने उभा जन्म लोकांचं रक्त काढण्यात घालवला. सुई टोचण्याआधी ती म्हणे, "एक वी टोच हं, राजा." वी म्हणजे चिमुकलं. पण आमच्याकडे हा शब्द मिठासारखा सगळ्यात पडतो. वी चहा, वी सही, वी वेळ थांबा. सहा फुटी पोलिसालाही दुकानदारीण विचारते, "वी पिशवी देऊ का रे पोरा?" आणि एखादीला खाली ओढायचं असेल, तर तीच बाई नाक मुरडून म्हणते, "आली मोठी, वी राणीसाहेब!" माया, लाज, टोमणा, सगळं त्यात मावतं. हेझलची तर त्यावर भाकरी होती.

तिचा नवरा वेस्ली बंदरावर बोटींचे दोर ओढून रापलेला, तोंडाचा तिखट. त्याच्या तोंडून हा शब्द कुणी कधी ऐकला नाही.

"बाई, तू नोहाच्या अजस्र तारवालाही वी होडी म्हणशील," तो चिडवायचा. "माझी आई गेली तेव्हा 'एक वी बातमी आहे' म्हणत दारात उभी राहिलीस. तेव्हाच ओळखलं मी, म्हातारी गेली."

"मग काय बोंब मारत यायला हवं होतं?" हेझल फणकारायची.

यंदा वेस्लीचं पोट दुखायला लागलं, सदऱ्याची कॉलर सैल झाली. तपासण्या झाल्या आणि निकालासाठी दोघं त्याच इस्पितळात जाऊन बसली. दारात रोशीन होती. हेझलच्याच हाताखाली शिकलेली नर्स. येईल त्याला ती गोड बोलत होती, "या, या वी खुर्चीवर बसा, आजोबा." यांची पाळी आली तेव्हा मात्र ती खाली बघत म्हणाली, "आत या, हेझलबाई. दोघंही बसा."

तिच्या बोलण्यातून ‘वी’ गळल्याचं हेझलच्या लगेच ध्यानात आलं. सुईपुढे तो शब्द चालतो, मरणापुढे तो थट्टा वाटतो, तिथे तो गिळायचा, हे, स्वतः घरी पाळत नसली तरी, तिनेच या पोरीला शिकवलं होतं. डॉक्टरांनी तोंड उघडण्याआधीच तिला सगळं कळलं.

डॉक्टर भले होते, हळू बोलले. स्वादुपिंडातून यकृतात पसरलंय, ऑपरेशनचा उपयोग नाही, दुखणं सुसह्य करू. वेस्ली मांडीवरच्या टोपीकडे बघत राहिला. बोटींच्या भोंग्यांनी त्याचा एक कान कधीच गेला होता. दुसऱ्यानेही काही ऐकलं नसू दे, एवढंच हेझल देवाकडे मागत होती.

गाडीत बसल्यावर तिच्या तोंडाला खळ नव्हता. "एक वी औषध देणार आहेत, वेस्ली. अधूनमधून वी सुई. मग घरी वी आराम."

"असं का," वेस्ली खिडकीबाहेर बघत म्हणाला.

ऐकलं नाही यानं, तिला वाटलं. नाताळपर्यंत तरी सुखात राहू दे. स्वतःच्या खोटेपणाची तिला लाजही वाटली, पण इलाज नव्हता.

घरी येऊन तिने किटली ठेवली, सोडा ब्रेडला लोणी लावायला घेतलं. आत कपाटाचं दार करकरलं. बऱ्याच वेळाने वेस्ली स्वयंपाकघरात आला. लेकीच्या लग्नात शिवलेला निळा सूट त्याच्या हातावर होता.

"हेझल, माझं एक वी काम करशील?"

तिच्या हातातली सुरी थांबली. उभ्या संसारात पहिल्यांदाच तो शब्द त्याच्या तोंडून आला होता.

"काय?"

"एवढा ड्रायक्लीनला टाक. आणि पँट कमरेत आत घ्यायला सांग. शवपेटीत ढगळ दिसायला नको."

हेझलला हुंदका आवरेना. तिने सूट छातीशी धरला. "उद्या टाकते," ती कशीबशी म्हणाली.

"घाई नाही गं," वेस्ली तिच्या पाठीवर हात ठेवत म्हणाला. "वी वेळ आहे अजून."