रूपलच्या शेपटीकडे सगळ्यांचे डोळे

धान कापून झाला की आमच्या दिघोरीच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, कच्छाकडचे उंटवाले डेरा टाकतात. बांधीले खत भेटते, मले सोबत भेटते. किस्से म्हणाल तर तणशीच्या ढिगावानी. एक पेंढी ओढली की चार अंगावर!

यंदा डेऱ्यात काळजी एकच, रूपल. उंटीण देखणी, पण दोन खेपा गर्भ टिकला नव्हता. डेऱ्याचा मुखिया वेला म्हणाला, "आता रिकामी निघाली तर पवनीच्या व्यापाऱ्याले देतो." त्याच्या गाडीत चढलेला उंट पुढं कुठं जातो, ते कोणी विचारत नाही. वेलाची बायको जीवी त्या दिवशी जेवली नाही. रूपलला तिनंच हातानं पाजून वाढवलेलं.

*

नागपूरहून एक डॉक्टर मॅडम यायच्या. मले म्हणाल्या, "बाबाजी, उंटिणीच्या गर्भाशयाला दोन बाजू. पिल्लू बहुतेक डावीकडंच वाढतं. सुरुवातीला तिथं कोणते जीन जागे होतात, कोणते झोपतात, ते मी बघते."

वेला म्हणाला, "माह्या घरी बी तेच, मॅडम. जीवी जागते, मी झोपतो!"

कोणी हसलं नाही. जीवी तर नाहीच.

*

मॅडम रिकाम्या उंटिणीच्या गर्भाशयातून बारीक ब्रशनं नमुना घ्यायच्या आणि थंड डब्यात ठेवायच्या. झाकण काढलं की पांढरा धूर! आमचा डोमाजी, बोडीच्या तळ्यात मासे धरणारा, धूर पाहून हात जोडूनच उभा राहिला.

"मॅडम, लिंबू आणू का जी?"

"आणा. ऊन फार आहे, सरबत करू!"

*

रूपलच्या पोटाला सोनोग्राफीची मशीन लावून झाली. मॅडम म्हणाल्या, "गर्भ आहे का, ते इतक्यात दिसत नाही." मग हळूच वेलाला म्हणाल्या, "रिकामी असली तर गाडीत चढवण्याआधी मला नमुना घेऊ द्या."

हळूच म्हणाल्या, पण जीवीनं ऐकलं. दुधाच्या डेऱ्यात त्या दिवशी मॅडमला काळा चहा भेटला!

*

व्यापारी दोर घेऊन आला. उंटवाल्यांची खूण पक्की असते. गाभण उंटीण कोणी जवळ आलं की शेपूट कमानीसारखी वर धरते. जीवी म्हणाली, "शेपूट वर झाली तर दोर वापस नेजा." व्यापारी म्हणाला, "कबूल."

वेला पुढं झाला तर जीवीनं अडवलं. "तुमच्यापुढं ती कान बी हालवत नाई. परका माणूस पाह्यजे."

व्यापारी स्वतः निघाला. मॅडमच्या हातात ब्रश. जीवीनं माझं मनगट धरलं. रूपलची शेपूट हलली, माशी उडाली, शेपूट खाली आली. व्यापाऱ्यानं मानेकडं दोर नेला.

तशी शेपूट वर गेली. वरच राहिली.

मॅडमनं ब्रश पेटीत ठेवला. व्यापारी दोर गुंडाळत म्हणाला, "वहिनी, गाडी रिकामी कशी नेऊ? या वेलाभाऊले तरी द्या!"

जीवी म्हणाली, "न्या की! त्याले शेपूट नाई, वापस कराचं लफडंच नाई!"