ताण मोजणाऱ्या मॅडम

प्रश्न विचारणं हा जर आजार असेल, तर आमच्या बिल्डिंगीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमइतकं आजारी माणूस उभ्या पनवेल तालुक्यात झालं नाही आणि होणार नाही. तालुक्याबाहेरचं मला विचारू नका, तिकडं माझं फारसं जाणं नाही. मी शिकलोय चौथी, तीही अर्धी. पण विचुंब्यात जिथं आमचं भात पिकायचं तिथं आता माझ्या नावाची बिल्डिंग उभी आहे, फाटकाशी माझी खुर्ची आहे, आणि त्या खुर्चीवर बसून मला सगळ्यांचं सगळं कळतं, असा माझा पक्का समज होता. तो या बाईंनी मोडला. एका घावात नाही मोडला. प्रश्न विचारत विचारत, चार वर्षं लावून मोडला.

राहायला आल्या तेव्हा “हॉस्पिटलच्या कॉलेजात शिकवते” एवढंच म्हणाल्या. मी गावभर सांगून टाकलं, आपल्याकडं डॉक्टरीणबाई आल्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात तीन म्हाताऱ्या हजर. एकीचा गुडघा, एकीची कंबर, तिसरीला नुसतीच उत्सुकता. मॅडमनी परोपरीनं सांगितलं, मी औषधाची डॉक्टर नाही, हॉस्पिटलचा कारभार कसा चालवावा ते शिकवते. म्हाताऱ्या हलेनात. शेवटी मॅडमनी त्यांना आत घेतलं, चहा पाजला, वही काढली आणि तासभर प्रश्न विचारले. झोप किती लागते, घरात शेवटचा शब्द कोणाचा, कामाचा वीट कधी येतो. खाली उतरल्या तेव्हा तिघींचे चेहरे लग्नाहून आल्यासारखे. मी म्हटलं, “काय औषध दिलं?” तर गुडघेवाली म्हणाली, “औषध काय नाय. पन इचारलं तरी! तुमचा तो इंजेक्शनवाला कवा इचारतो?”

मॅडमच्या वहीत सगळ्या जगाला एकच माप. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे फार. कोळीण दारात आली की मासळी बघायच्या आधी विचारणार, “मावशी, पाटीनं मान किती दुखते आज? एक ते पाच सांगा.” कोळीणही तयारीची. “मान पाच. दोन वाटे घेतलेस तं चार!” एकदा नळाला पाणी आलं नाही म्हणून मी फाटकाशी कडाडत होतो, तर बाई वही घेऊन उभ्या. “काका, त्रास किती झाला? एक ते पाच?”

“धा,” मी म्हटलं.

“दहा नाही हो, पाचापर्यंतच आहे.”

“राग माझा आनी माप तुमचं?” मी ओरडलो. त्यांनी ते शांतपणे उतरून घेतलं आणि पुढं वर्गात पोरांना सांगितलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, माझी अर्धी चौथी कॉलेजात शिकवतात.

बाकी व्यवहाराच्या नावानं आनंद होता. अंबाड्यात दोन पेनं खोचलेली असताना तिसरं शोधत जिना उतरायच्या. एकदा घाईत जेवणाचा डबा आमच्या कचऱ्याच्या पिंपात टाकला आणि कचऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन रिक्षानं स्टेशनपर्यंत गेल्या. रिक्षावाल्यानंच मागं वळून नाक धरलं म्हणून कळलं, नाहीतर दुपारी उघडूनच बसल्या असत्या. डबा माझ्या सुनेनं काढून, घासून, परत भरून दिला. माझी सून नवीन पनवेलला एका खाजगी हॉस्पिटलात नर्स आहे. तिचं आणि मॅडमचं गूळपीठ तिथूनच सुरू झालं. ड्यूटी संपवून आली की “वर भाजी देऊन येते” म्हणायची आणि अर्धा तास यायची नाही. मी म्हणायचो, भाजी द्यायला जाते का लावायला?

मॅडमचा अभ्यास कशाचा, हे समजायला मला वर्ष लागलं. हॉस्पिटलात राबणाऱ्या बायकांना कामाचा ताण किती, आणि त्या ताणापायी त्या फोनवरून वस्तू किती मागवतात, असा विषय. मी पोट धरून हसलो. “ह्याला काय शिकायचं मॅडम? हातात फोन हाय, घेतात!” मॅडम जिन्याच्या पायरीवर बसल्या, त्यांना खुर्चीपेक्षा पायरी आवडे, आणि म्हणाल्या, “तसं नाही काका. बारा तास उभी राहिलेली नर्स घरी निघते. दिवसभर तिला पेशंट बोललेले असतात, नातेवाईक बोललेले असतात, वरचे साहेब बोललेले असतात. वाटेत ती एक कप मागवते. कपावाचून तिचं काही अडलेलं नसतं. पण तो येईपर्यंत दोन दिवस, कुठून तरी काहीतरी फक्त तिच्यासाठी निघालेलं असतं.” मला हे पटलं नाही. मला पहिल्या फटक्यात काही पटलं, तर घरच्यांनी समजावं की ताप आलाय.

आणि गंमत अशी, की बिल्डिंगीत सगळ्यांत जास्त खोकी यायची ती मॅडमच्याच नावानं. दिवसा त्या कॉलेजात, म्हणून खोकी माझ्या ताब्यात. संध्याकाळी त्या फाटकातून आत आल्या की मी चार माणसांत आवाज टाकायचो, “मॅडम, तुमचा ताण आलाय बघा! आज तीन नग!” त्या ओठ दाबून हसायच्या, खोकी छातीशी धरून जिना चढायच्या. एका शब्दानं उलटून बोलल्या नाहीत. मी सलूनमध्ये सांगितलं, हळदीच्या मांडवात सांगितलं, वैद्यालाच खोकला झालाय म्हणून. लोक हसायचे. लोक हसले की मला मी शहाणा आहे असं वाटतं. ही खोड जुनी आहे.

मग माझ्या हातून पाप घडलं. एका सकाळी पंप चालू केला आणि दोन घरांच्या गटाराच्या भांडणात पंच म्हणून जाऊन बसलो. पंचाला पंप कुठला आठवतो? टाकी भरून वाहिली, पाणी मॅडमच्या बाल्कनीत, बाल्कनीत पेटी, आणि पेटीत दोन वर्षं हॉस्पिटलं हिंडून नर्सबायांकडून भरून आणलेले कागद. त्या बायांना ड्यूटीवर फोन जवळ ठेवू देत नाहीत, म्हणून सगळं कागदावर होतं. मी एकेक कागद गच्चीवर दोरीला चिमटा लावून वाळत घातला. शेजारच्या दोरीवर आमचे बोंबील. कागद वाळले, पण शाई पसरून एकाचा पाच झाला का पाचाचा एक, ते ब्रह्मदेवाला कळेना. वास मात्र सगळ्यांचा सारखा. मॅडमनी गठ्ठा बांधून परत पेटीत ठेवला. सुनेकडून कळलं, की महिनाअखेरपर्यंत तेवढे कागद पुरे झाले नाहीत तर मॅडमची पीएचडीची नोंदणी संपते आणि पाच वर्षांचं काम पाण्यात जातं. पाणी तर माझंच होतं.

मी वर गेलो आणि छाती काढून म्हटलं, “मॅडम, कागद मी भरून देतो. आमच्या गावातल्या, शेजारच्या गावातल्या पोरी हॉस्पिटलातच हायत. कोन पुतनी, कोन नातसून. एका रविवारचं काम.”

मॅडम घुटमळल्या. “चालेल काका. फक्त त्यांना खरं लिहू द्या हं.”

“माझ्यासमोर खोटं लिवायची कोनाची टाप हाय?”

रविवारी खाली पार्किंगमध्ये सतरंज्या घातल्या. पोरी आल्या, पदर-ओढण्या सावरून बसल्या. मॅडमना मी सांगितलं, तुमी वर आराम करा. स्वच्छ टोपी घालून मी समोर खुर्ची टाकली आणि भाषण केलं. “पोरींनो, जे खरं हाय तेच लिवा. फक्त सासरचं, माहेरचं आनी आपल्या हॉस्पिटलाचं नाव खाली जाईल असं काय लिवू नका.” हे मीच बोललो, ह्याच तोंडानं. मग मी सतरंजीभोवती फिरून देखरेख केली. एका पोरीनं ताणापुढं चार लिहिलेला दिसला. मी म्हटलं, “चार? अगो, तुझा सासरा देवमाणूस, तुला कसला ताण?” तिनं खोडून एक केला. पंधरा मिनिटांत कागद गोळा. मी सगळ्यांना बटाटेवडे खाऊ घातले आणि गठ्ठा असा वर नेऊन दिला, जसा काही आमदारकीचा फॉर्म भरतोय.

दोन दिवस मी शाबासकीची वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी न राहवून मीच वर गेलो. त्यांनी गठ्ठा माझ्यापुढं सरकवला. “काका, ह्या सगळ्याजणी सुखी आहेत.”

“मग बरंच की!”

“रात्रपाळी करून, सुट्टी न मिळता, एकूणएक सुखी. आणि फोनवरून आजवर एकीनंही साधी टिकली मागवलेली नाही.”

“आमच्या पोरी वळनाच्याच हायत,” मी म्हटलं. मॅडमनी डोळ्यांवरून हात फिरवला, तेव्हा मला जरा चुकल्यासारखं झालं. “मग दोनचार आकडे बदला तुमी. कोन बघतंय?”

“मी बदलले तर ती चोरी काका. त्यापेक्षा काम सोडून देईन.”

“चूक कोनाची मग?”

“कोणाची नाही,” त्या म्हणाल्या. “तुमची खुर्ची तेवढी समोर होती.”

मला संताप आला. माझ्याच बिल्डिंगीत माझ्याच खुर्चीला बोल! तरातरा खाली आलो. खाली एक नवा डिलिव्हरीवाला मॅडमच्या नावाचं खोकं घेऊन उभा. म्हटलं, ठेव इथं. तो म्हणाला, “नाही बाबा, नंबर सांगायला लागतो, फोन लावतो.” त्यानं खोक्यावरचा नंबर लावला, आणि फोन वाजला आमच्या स्वयंपाकघरात.

मी आत पाहिलं. सून ओट्याशी उभी, एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात वाजणारा फोन. ती माझ्याकडं बघतेय, मी तिच्याकडं, आणि डिलिव्हरीवाला फाटकातून विचारतोय, “मॅडम, नंबर सांगता ना?” तिनं मान खाली घालून चार आकडे सांगितले.

“मॅडमच्या नावानं कशाला?” मी विचारलं.

“तुमी गावभर सांगता ना बाबा.”

“मी मॅडमचं सांगतो!”

“होय. म्हनून तर त्याच बोलल्या, माझं नाव घाल. मला बोललेलं चालतं.”

खोक्यात मऊ तळाच्या चपला होत्या, दिवसभर उभं राहणाऱ्यांसाठी करतात तशा. आधीचं सगळं, एक चित्राचा कप, एक उशाशी ठेवायचा दिवा, अशा बारीकसारीक वस्तू, वर मॅडमच्या कपाटात एका फळीवर ठेवलेलं होतं. सून तिथं जाऊन अर्धा तास पाय वर करून त्या कपात चहा प्यायची आणि खाली येऊन माझ्यासाठी भाकऱ्या थापायची. म्हणजे दोन वर्षं मी ज्या खोक्यांवरून मॅडमची टर उडवली, त्यांतली निम्मी माझ्याच घरची होती. बिल्डिंगीत कोण आलं, कोण गेलं हे सांगणारा मी.

तीन मजले मी जिन्यानं चढलो, लिफ्ट असून. मॅडमना म्हटलं, “पोरींना परत बोलवा रविवारी. मी नसतो.”

“कुठे जाणार काका?”

“गव्हानला. भैन हाय माझी.”

पुढचं आधी सांगून टाकतो, उगाच जीव टांगणीला नको. कागद वेळेत गेले, मॅडमचं काम पुरं झालं, नावाआधी डॉक्टर लागलं आणि गेल्या वर्षी त्या मोठ्या नोकरीवर नागपूरकडं गेल्या. वर आता एक जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत, आत गेली की दार लावून घेतात.

पण मला आठवतो तो दुसरा रविवार. गव्हाणला पोचलो तर बहीण घाबरली. “सन नाय, वार नाय, कसा आलास रं दादा? घरी भांडलास काय?” मी म्हटलं, “नाय गो. घरात आज खरं बोलायचं चाललंय, म्हनून मी भायेर आलोय.” ती इतकी हसली की तिला ठसका लागला. जेवून, तिच्या अंगणात दोनदा झोपून, चार वाजता निघालो. वाटलं, एव्हाना आटपलं असेल.

आटपलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीशी आलो आणि आमच्या पार्किंगमधला आवाज ऐकू आला. पोरी हसत होत्या. कोणीतरी माझी नक्कल करत होतं. माझं खाकरणं, बोट वर करून ‘समजलं काय’ म्हणणं, चालताना गुडघ्यावर हात टेकणं सुद्धा असणार, कारण मध्येच हशा उठायचा. नक्कल फार झकास होती. आवाज माझ्या सुनेचा होता. नऊ वर्षं ती माझ्या घरात आहे. तिला नक्कल येते हे मला ठाऊक नव्हतं, आणि ती एवढ्या मोठ्यानं हसते हेही. मी टपरीच्या बाकड्यावर बसलो. 

थोड्या वेळानं मॅडम फाटकाबाहेर आल्या, हातात कागदांचा जाड गठ्ठा. मला बघून लगबगीनं आल्या. “काका, कधी आलात? लिहून झालंय सगळ्यांचं, चला ना आत.”

आतून पुन्हा हसू आलं.

“बसू दे त्यांना अजून,” मी म्हटलं. “मी आलोय असं सांगू नका.”

मॅडम गठ्ठा मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बाकड्यावर बसल्या. मी दोन चहा सांगितले, आणि ते संपले तेव्हा आणखी दोन.