हेळव्याच्या वहीतली रेघ

समस्त मानवजातीस कळविण्यात येते की, तिचा नकाशा आज पूर्ण झालेला आहे. गैरहजर राहिलेल्यांनी आपापले पेढे घरी येऊन घेऊन जावेत.

हे निवेदन मी परंड्यातल्या माझ्या दोन खोल्यांत, आरशासमोर, घसा साफ करून वाचलं. विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळं श्रोते नसले तरी आवाज लागतो. माणसाच्या डीएनएतली वाचायची राहिलेली अक्षरंही वाचून झाली, अशी बातमी सकाळी पेपरात होती. मी अर्धा किलो पेढे घेतले. वाटायला कुणी नाही, हे परतताना आठवलं. बायको जाऊन चार वर्षं झाली. मूलबाळ नाही.

दुपारी दारात मोटारसायकल थांबली. आमचे हेळवी मामा. घरोघर फिरून वंशावळ वाचणारे, नवी नावं लिहून घेणारे हे म्हातारे सहा-सात वर्षांनी एकदा येतात. त्यांचे वडील बैलावरून यायचे.

मी पेढा पुढं केला आणि त्यांनी वही उघडायच्या आत धडा सुरू केला. वही उघडली की ते काय विचारणार, ते मला ठाऊक होतं. अमेरिका, इंग्लंड, जपान, फ्रान्स, जर्मनी, चीन, सगळ्यांनी माणसाच्या डीएनएचे तुकडे वाचायला वाटून घेतले. वाचून झालेला तुकडा लगेच साऱ्या जगापुढं उघडा ठेवायचा, असं ठरलं. मग वाजतगाजत कच्चा मसुदा जाहीर झाला. पुढं काम संपलं म्हणूनही सांगितलं.

"पण मधे मधे मोकळ्या जागा होत्याच, मामा. त्या भरायला जवळजवळ वीस वर्षं लागली."

"आन् वंशावळ कुणाची वाचली?"

"बऱ्याच जणांची, मिसळून. रक्त देणाऱ्यांची नावंच ठेवली नाहीत."

"नावं न्हाईत?" मामांनी उरलेला पेढा खाली ठेवला. "मग ती वही कसली, गुरुजी?"

त्यांनी आपली उघडली. खापरपणजोबांपासून सुरात वाचत माझ्या नावापाशी आले. थांबले.

"पुढं?"

"बायको गेली, मामा. पुढं कुणी नाही."

वंश थांबला की नावाखाली आडवी रेघ मारायची, ही त्यांची रीत. चुलत आजोबांच्या नावाखाली तशी रेघ मी पाहिली होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, टोक कागदाला टेकवलं, आणि माझ्या तोंडून निसटलं,

"थांबा मामा, हा अजून कच्चा मसुदाय."