गालातली पत्ती

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मला बघायला आलेला तो सातवा. आधीच्या सहांत काही ना काही खोट काढून मीच नकार दिलेला, त्यामुळे आमच्या चिंचणीच्या घरात सगळे माझ्यावर वैतागलेले. पण हा सातपाटीचा मुलगा ओट्यावर चपला काढत होता तेव्हाच मी खिडकीतून पाहिला आणि मनात म्हटलं, बाई गं, हाच! नोकरी तारापूरच्या कारखान्यात आणि लगीनसराईत बँडमध्ये सॅक्सोफोन. वाद्याची पेटी हातातच होती, इथून त्याला थेट बोईसरला एका हळदीत वाजवायला जायचं होतं.

आणि मेला बोलेचना!

वडिलांनी घरच्या मासेमारीच्या होडीचं विचारलं, नुसती मान हलवली. कामाचं विचारलं, सोबत आलेल्या मामाकडे बघितलं. मी चहा पुढे केला तर कपाला हात लावेना. चहा नाकारला म्हणजे मुलगी नाकारली, एवढं तर मलाही कळत होतं. "लाजाळू हाय वो," म्हणत मामा सारवासारव करत राहिले.

वडील आत आले आणि आत्याला हळूच म्हणाले, "पोरगा मुका हाय. फसवतात आपल्याला. मी नाय देत पोर."

सहा बोलकी स्थळं मी हाकलली होती आणि मनात भरलेलं हे एकच हातचं चाललं होतं! आत्या खमकी. पदर खोचून बाहेर गेली, "काय रं, जीभ गिळलीस का?" म्हणाली आणि त्याचा फुगलेला गाल चिमटीत धरला.

त्यानं घाईघाईनं तोंडातून एक चपटी पट्टी काढली आणि ओरडला, "हलू, मावशी! एकच उरली हाय!"

नवऱ्याच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे. तेही त्या पट्टीसाठी! असा संताप आला मला.

मग लाजत लाजत त्यानं सांगितलं. ती सॅक्सोफोनची पत्ती, बोरूच्या जातीच्या गवताची. कोरडी असली तर चिरकते, म्हणून आधी तोंडात भिजवायची. एसटीत तोंडात धरली ती मोठ्या माणसांसमोर काढायची कशी, ते त्याला कळेना.

"एवढीशी काडी," वडील म्हणाले, "अन् तिच्यावाचून एवढं पितळ वाजत नाय?"

त्यानं पेटी उघडली, वाद्याच्या काळ्या चोचीवर पत्ती कसली आणि फुंकलं. घर दणाणलं, शेजारणी कुडापाशी जमल्या. आता मात्र त्याचं तोंड थांबेना. "आवाज पितळेचा नाय, काका. पत्तीचं टोक बघा, उजेड आरपार दिसतो. वारा शिरला का ते थरथरतं, उघडतं, मिटतं. तोच सूर. पितळ नुसतं त्याला मोठं करतं."

वडिलांनी डोळे बारीक करून टोक पाहिलं. हसले. पण म्हणाले काय, "बरं, विचार करून कळवतो." आमच्या घरात 'कळवतो' म्हणजे नाहीच.

मी सरळ पुढे झाले. "मला वाजवून बघायचंय," म्हटलं, आणि कुणी काही बोलायच्या आत ती चोच तोंडात धरून फुंकलं. आधी नुसताच वारा, मग बदकासारखा एक पॅक!

सगळे पोट धरून हसले. आत्यानं कपाळावर हात मारला. "अगं सटवे, त्याचं उष्टं तोंडात घेतलंस! आता कसलं कळवतोस, दादा? लगीनच लागलं हिचं!"

वडिलांना हसू आवरेना. साखर आणायला तेच उठले.

पोर अल्लड, तिच्या ध्यानातच आलं नाही, असं सगळे अजून म्हणतात. माझ्या चांगलं ध्यानात होतं.