पिलाटेसची लिंक आणि मामाजींची खाट

"सगळ्या पेशंटना एकच लिंक पाठवा, मॅडम. तीन-तीन कशाला?"

"नाही पाठवणार, सर," मी म्हटलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शेगावात सरांच्या क्लिनिकमध्ये नोकरी करते. क्लिनिक त्यांचं असलं, तरी पेशंटच्या पाठीची जबाबदारी माझी, असं मी मानते. त्यामुळे आमचं अधूनमधून वाजतं.

त्या दिवशी वाजलं ते पिलाटेसवरून. पिलाटेस म्हणजे श्वासाच्या लयीत पोटाचे आतले स्नायू आवळून सावकाश करायचे व्यायाम. हे स्नायू कण्याला पट्ट्यासारखे धरून ठेवतात. ते ढिले पडले की कंबर बोलायला लागते. खेड्यांतल्या बायकांना रोज क्लिनिकला येणं जमत नाही, म्हणून त्यांनी व्हिडिओ बघून घरीच व्यायाम करावेत, अशी योजना होती.

मी तीन व्हिडिओ निवडले आणि आधी स्वतः मॅटवर करून पाहिले. पहिल्यावर ठळक अक्षरात 'बिगिनर' लिहिलेलं. त्यातली पोरगी सुरुवातीलाच उताणी पडून डोकं आणि दोन्ही पाय हवेत उचलते, वर हसतेही. माझी मान लगेच भरून आली. पोट कच्चं असलं की असा सगळा भार मानेवर आणि कंबरेवर येतो. हा कसला बिगिनर? ज्यांचं पोट आधीच घट्ट आहे त्यांनाच तो द्यायचा, असं मी ठरवलं. दुसऱ्यात एक वयस्क बाई उताणी पडून, गुडघे दुमडून, पायांचे तळवे जमिनीवर टेकवून, आधी फक्त कंबर खाली दाबायला शिकवते आणि मग हळूच वर उचलायला. बघायला कंटाळवाणा, पण दुखऱ्या पाठीसाठी तोच खरा. तिसऱ्यात प्लँक होते, म्हणजे कोपरं आणि पायाची बोटं टेकवून अंग फळीसारखं ताठ धरायचं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना तो उत्तम. सरांना मात्र पहिला आवडला होता, कारण तो दिसायला छान होता.

"तुमच्या त्या वडनेरच्या पेशंटला दुसरा दिलात ना? काय फरक पडला?" सरांनी विचारलं.

फरक खरंच पडला नव्हता. सुनंदा वडनेर भोलजीची, चाळिशीतली. दिवसभर शेतात निंदण करायची. अंगात ताकद भरपूर, पण कंबर अशी धरलेली, की सकाळी भिंतीच्या आधाराशिवाय उठता येत नसे. क्लिनिकमध्ये तिने दुसरा व्हिडिओ नीट केला होता. तरी प्रत्येक भेटीत कंबर तशीच. विचारलं की म्हणायची, "करतो ना म्याडम, रोज करतो."

"आळशी आहे ती. नवराही तेच सांगतो," सर म्हणाले. "महिनाअखेरपर्यंत फरक दिसला नाही, तर तिची ट्रीटमेंट बंद. आणि सगळ्यांना लिंक एकच."

पहाटेपासून राबणारी बाई आळशी? माझं डोकंच फिरलं. रविवारी एसटीत बसले आणि थेट वडनेर गाठलं.

घर म्हणजे पुढे एक खोली, मागे चुलीपुरती जागा. पुढच्या खोलीत पंख्याखाली सासऱ्यांची खाट, आणि खाटेवर सासरे.

"दाखव बरं, कशी करतेस," मी म्हटलं. सुनंदाने पदर डोक्यावर ओढला, सासऱ्यांकडे पाहिलं आणि जागची हलली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्यांच्यासमोर सून खाटेवर टेकतसुद्धा नाही, त्यांच्यासमोर ती उताणी पडून कंबर उचलणार?

मी तिला चुलीपाशी नेलं. "आता खरं सांग."

"कुठी झोपू, म्याडम?" ती हळू आवाजात म्हणाली. "मामाजी दिवसभर घरातच रायतात. रात्री तं समदेच. नाई म्हनलं तं तुमाले वाईट वाटीन, म्हून हाव म्हनत आली."

तिन्ही व्हिडिओंत मान तपासली, कंबर तपासली. घरी करायच्या व्हिडिओला घरात बंद होणारं दार लागतं, हे एकातही सांगितलेलं नव्हतं. मी लगेच तोडगा काढला. "राहू दे. भिंतीला पाठ लावून उभ्याने करायचे व्यायाम देते. कुणाला कळणारही नाही."

वाटलं, तिला हायसं वाटेल. तिने उलट मलाच रोखून पाहिलं.

"उभ्यानं तितकाच फरक पडते का?"

"नाही. वेळ लागेल."

"मंग मी काऊन कमीवालं करू? कंबर माही हाय."

आणि ती तरातरा पुढच्या खोलीत गेली. "मामाजी, उठा. खाट ओट्यावर टाकतो. अर्धा घंटा बाहीर बसा."

"काऊन?" म्हातारबा चमकले.

"मले दार लावून कसरत कराची हाय."

"आता?"

"हाव, आता. अन् रोज."

म्हातारबांनी माझ्याकडे पाहिलं. मीही नजर वळवली नाही. शेवटी ते कुरकुरत उठले. सुनंदा खाट उचलायला वाकली, तशी मी तिला दटावून बाजूला केलं. खाट म्हातारबांनी आणि मी मिळून बाहेर नेली. मागे कडी लागल्याचा आवाज आला. इतका आनंद मला डिग्री मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

महिनाअखेरीस सुनंदा क्लिनिकच्या टेबलावरून भिंत न धरता उठली. सर बघतच होते.

"म्हणजे दुसरा व्हिडिओ चांगला आहे तर," ते म्हणाले. "तोच पाठवा सगळ्यांना."

"नाही पाठवणार, सर."

तीन लिंक अजूनही वेगवेगळ्याच जातात. फक्त आता मी नव्या पेशंटला आधी विचारते, घरात खाट कुणाची आहे आणि ती बाहेर कोण काढणार. फिटनेस लेव्हल त्यानंतर बघते.