कळ्या धरल्यावर कुंडी हलवू नये

आर्डिस ट्वेटनबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्या घराने माझी टोपी काढून घेतली. हे मी अलंकारिक बोलत नाही. तळघरातल्या भट्ट्या दुरुस्त करणं हा माझा धंदा. जानेवारीत आमच्या हाल्वोर्सन बे गावात घर गरम करणारी भट्टी बंद पडली, की लोक आधी मला बोलावतात आणि मग डॉक्टरला. तर मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, वरून काहीतरी हलकेच आलं आणि टोपी गेली. मान वर केली तर छताजवळून एक बिनपानाची, काळपट, सुतळीसारखी फांदी माझी टोपी धरून लोंबत होती. मी खाली जाऊन भट्टी पेटवून वर येईपर्यंत तिने टोपीला दोन वेढे घातले होते. अजून जरा उशीर झाला असता तर ती टोपी घालून, माझ्या पिकअपमध्ये बसून पुढच्या घरची भट्टी दुरुस्त करायला निघून गेली असती.

मी टोपीला हात घातला तशा बाई ओरडल्या, "ओढू नकोस! बघतेय ती तुला."

"मला?"

"नवीन माणूस आलं की बघते. उभा राहा जरा गप."

मी उभा राहिलो. माझ्या काखेपर्यंत पोचतील न पोचतील एवढ्या बाई, अंगात नवऱ्याचा स्वेटर, त्याच्या बाह्या चार वेळा दुमडलेल्या. त्यांच्या हुकमावरून मी एका वेलीपुढे राष्ट्रगीताला उभं राहावं तसा ताठ. अखेर त्यांनी स्टुलावर चढून, बाळाच्या मुठीतून केस सोडवावेत तशी टोपी सोडवली. "पसंत पडलास," म्हणाल्या. "आता कॉफी घे." आमच्याकडे कॉफीला तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय हो म्हणत नाहीत. त्या दिवशी मी पहिल्याच वेळी हो म्हटलं.

ती वेल म्हणजे होया. जाड, मेण चोळल्यासारखी पानं. कुंडी म्हणाल तर स्वयंपाकाच्या चरबीचा जुना पत्र्याचा डबा, तोही खिडकीत मावेल एवढाच. पण त्यातून निघालेली वेल खिडकी ओलांडून, फ्रिजवरून, छताला मारलेल्या खिळ्यांवरून बैठकीच्या खोलीत गेली होती आणि तिथून चक्कर मारून परत आली होती. आर्डिसबाईंच्या सासूने, बोर्गहिल्डने, एका काडीपासून ती वाढवलेली. बोर्गहिल्ड गेली, पण घर तिच्या ताब्यातून गेलं असं मला कधी वाटलं नाही.

होया कशी सांभाळायची, हे आर्डिसबाई गावातल्या प्रत्येकाला शिकवत. ती शिकवण सगळी नकारांची. मोठी कुंडी नको, मुळांना दाटी झालेली आवडते. पानं सुरकुतल्याशिवाय पाणी नको. बिनपानाची लांब फांदी कापायची नाही, ती आधी धरायला काही शोधते आणि मगच पानं काढते. फुलाचा देठ तर मुळीच तोडायचा नाही, त्याच देठावर पुन्हा फूल येतं. आणि कळ्या धरल्या की कुंडी हलवायची नाही, फिरवायचीसुद्धा नाही. उजेडाची बाजू बदलली की कळ्या गळतात. थोडक्यात, आम्हा ल्यूथरन पंथाच्या ख्रिस्ती लोकांना आमच्या आईबापांनी जसं वाढवलं तशीच होया वाढवायची: कुंडी लहान, पाणी बेताचं आणि कौतुक अजिबात नाही.

शेवटचा नियम सगळ्यात कडक. कोणी काडी दिली तर आभार मानायचे नाहीत. मानले तर रोप जगत नाही. मला त्यांनी काडी दिली तेव्हा माझं तोंड उघडलेलं पाहून त्यांनी त्यावर सरळ तळहात दाबला. हाताला कांद्याचा वास होता. "नुसता निघून जा," म्हणाल्या. "उद्धटासारखा." अशा उद्धटपणाने अख्ख्या गावात त्यांच्या वेलीच्या काड्या पसरल्या. पोस्ट सांभाळणाऱ्या हिल्मा रूडच्या घरी खिडकीजवळ एक, चर्चच्या तळघरात एक, दारूच्या गुत्त्यात एक, माझ्याकडे फ्रीझरवर एक.

त्यांची मुलगी मार्लिस शहरात राहायची. ती एकदा दुकानातून छोट्या कुंडीत खोचलेलं होयाचं एकच पान घेऊन आली. हृदयाच्या आकाराचं, कुंडीला लाल फीत. मी तिथेच होतो. आर्डिसबाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"पानच आहे हे, मार्लिस. याला फुटायला डोळा नाही."

"मग? मूळ आहे ना?"

"मूळ आहे. जगेल. किती वर्षं जगेल याचा नेम नाही. पण वाढणार नाही आणि मरणारही नाही. असलं काही मी घरात ठेवत नाही, घेऊन जा."

"आई, गिफ्ट आहे गं ते!" मार्लिस म्हणाली, पण घेऊन गेली.

आता फुलांचं. बोर्गहिल्डची वेल क्वचित फुलायची. एका उन्हाळ्यात बोर्गहिल्ड त्याच घरात वारली, त्या आठवड्यात ती पहिल्यांदा फुलली. त्यानंतर कित्येक वर्षं काही नाही. मग एका मार्चमध्ये, बाहेर कमरेइतका बर्फ असताना, छताखाली गुलाबी झुबके लागले. मेणाची चांदणी वाटावी असं एकेक फूल. त्यांतून मधाचे चिकट थेंब टेबलावर पडायचे, आणि दिवेलागण झाली की गरम दुधात साबण पडल्यासारखा वास घरभर चढायचा. त्याच आठवड्यात बाईंचा नवरा मेल्विन मासे पकडायला गोठलेल्या सरोवरावर गेला आणि बर्फाखाली गेला. आमचं सरोवर फार थंड आहे. माणूस परत देत नाही.

मी एकदा म्हणालो, "आर्डिसबाई, शाळेची हॉकी टीम जिंकली त्या वर्षीही फुलली होती की. हिल्मा सांगत होती."

"त्या वर्षी मांजर मेलं," बाई म्हणाल्या.



ऑक्टोबरात एका दुपारी त्यांचा फोन आला, भट्टी आवाज करते म्हणून. मी जाऊन पाहिलं. भट्टी देवासारखी शांत. वर आलो तर बाई टेबलाशी बसलेल्या, मान वर.

"दिसलं का?"

फ्रिजच्या वर, जुन्याच देठावर, राखी-गुलाबी कळ्यांचा झुबका होता. बटणं शिवून ठेवल्यासारखा. बैठकीच्या खोलीत दुसरा, आणि मेल्विनच्या खुर्चीच्या बरोबर वर तिसरा.

"घरात कोण आहे, रॉली?"

"तुम्ही. आणि उंदीर असतील."

"उंदरासाठी फुलत नाही ती."

त्या हसत होत्या, पण मान अजून वरच होती. ब्याऐंशीच्या होत्या. "मला अजून जायचं नाही," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं म्हाताऱ्यांची तयारी झालेली असते. माझी काही झालेली नाही. या घरात मला अजून दोन-तीन हिवाळे काढायचेत."

"मग तोडून टाका कळ्या."

"बोर्गहिल्डचा देठ आहे तो!" मी जणू बोर्गहिल्डचाच हात तोडायला सांगितला होता. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तोडल्या तर मी तोडल्या. गळल्या तर त्या गळल्या. तू कुंडी फिरव."

गावाला आयुष्यभर ज्यावरून रागावल्या तेच काम त्या मला सांगत होत्या. ल्यूथरन माणूस पळवाट शोधतो तेव्हा ती अशी सभ्य असते. मी डबा धरला आणि अर्धा फिरवला, खिडकीकडची बाजू भिंतीकडे. वेल ताणली गेली. एक खिळा सुटून फरशीवर पडला. मग पानांची सळसळ सुरू झाली, फ्रिजवरून निघाली, छताने बैठकीच्या खोलीत गेली, तिथे जरा थांबली आणि परत आली. आम्ही दोघं ती ऐकत उभे होतो. दारंखिडक्या बंद होत्या.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "ताण होता."

"हो, ताणच," मी म्हटलं, आणि टोपी हाताने घट्ट धरून निघालो.

आठवडा संपायच्या आत सगळ्या कळ्या गळल्या. बाईंनी त्या केरसुणीने गोळा केल्या आणि मला लेफ्से खायला बोलावलं. बटाट्याच्या त्या पातळ पोळ्यांवर त्यांनी लोणी असं थापलं, जणू वाढदिवस होता. आम्ही खात होतो, बाहेर अंधारून येत होतं, आणि फोन वाजला. पोस्टातली हिल्मा.

"आर्डिस, माझी फुलली गं! आत्ता, चहा टाकला तेवढ्यात. कसला वास सुटलाय!"

बाईंनी फोन ठेवला आणि तो लगेच पुन्हा वाजला. चर्चच्या तळघरातली फुलली होती. मग गुत्त्यातली. काड्या सगळ्या एकाच वेलीच्या, त्यामुळे फुलायची वेळही एकच असणार, हे मी त्यांना समजावून सांगू लागलो. पण त्या कोट चढवून रस्त्यावर गेल्या होत्या. मी मागोमाग गेलो. थंडीत सहसा कसलाच वास येत नाही. त्या संध्याकाळी रस्ताभर गरम दूध आणि साबण.

"मी परत पाठवलं त्याला," बाई म्हणाल्या. "आता ते घर शोधतंय."

"कोण?"

"हिल्माच्या घरी तिची नात आहे, रॉली. अजून रांगते."

मी काहीतरी विनोद करणार होतो. त्यांचा चेहरा पाहिला आणि गिळला.

"पिकअप काढ," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आम्ही घरोघर गेलो. आर्डिसबाई दारात उभ्या राहत आणि एवढंच म्हणत, "माझी काडी मला परत दे." कोणी कारण विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत, नंतर बोलतात. हिल्माने कुंडी आपल्या शालीत गुंडाळली आणि स्वतः आणून दिली. गुत्त्याच्या मालकाने गिऱ्हाइकांना तसंच सोडून कुंडी छातीशी धरून आणली. शेवटी मी घरी जाऊन माझी आणली. फ्रीझरवर पडद्यामागे तीही फुलली होती, आणि मला कळ्या दिसल्याही नव्हत्या.

बाईंच्या स्वयंपाकघरात टेबलावर, ओट्यावर, खुर्च्यांवर, फरशीवर कुंड्याच कुंड्या, आणि सगळ्या फुललेल्या. फक्त बोर्गहिल्डची वेल काळीभोर, फुलांवाचून. तिच्या बिनपानाच्या फांद्या मात्र खाली आल्या होत्या, एकेका कुंडीच्या वर. डबा फिरवल्यामुळे आल्या असतील. लोक भिंतीला टेकून उभे. तिथे श्वास घेणं जड जात होतं.

आर्डिसबाई मधल्या खुर्चीत बसल्या. "आता घर एकच आहे," त्या म्हणाल्या. "माणूसही एकच. तुम्ही जा."

हिल्मा तोंड उघडू लागली तशी त्यांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने ते मिटलं. रोपांच्या बाबतीत आभार मानायचे नसतात. सगळे गेले. उद्धटासारखे.

सकाळी मी दार ठोठावलं. उत्तर नाही. ढकललं. आर्डिसबाई त्याच खुर्चीत होत्या, डोळे मिटलेले, केस मधाने चिकटून टोपीसारखे झालेले. एक फांदी त्यांच्या खांद्यावरून येऊन मनगटाला वेढली होती.

"बाई?"

"दार लाव," त्या म्हणाल्या. "थंडी आत येते."

मी तिथेच फरशीवर बसलो. फुलं मान टाकून पडली होती. बाईंनी मनगट सोडवून घेतलं, कॉफी टाकली आणि मेल्विनचा स्वेटर आता धुवावा लागणार म्हणून दिवसभर कुरकुर केली. त्या हिवाळ्यात गावात कोणीच मेलं नाही. मांजरसुद्धा नाही.

पण आमच्याकडे नंतर बोलतात. बोलणं चर्चमधून शहरात मार्लिसपर्यंत गेलं: तुझ्या आईने गावातली रोपं गोळा केली आणि रात्रभर त्यांच्यात बसून राहिली. मार्लिस त्या रात्रीनंतरच्या पहिल्याच रविवारी आली. वाईट नाही हो ती मुलगी. घाबरली होती. तिने लोकांना आपापल्या कुंड्या न्यायला बोलावलं, दारात उभी राहिली आणि प्रत्येकाचा हात हातात घेऊन म्हणाली, "थँक यू. खरंच, आईला सांभाळलंत, थँक यू."  आर्डिसबाईंनी डोळे मिटले. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत एकूण एक काडी काळी पडून गेली. कुंड्या नेताना थंडी लागली, असं गुत्त्याचा मालक म्हणतो. त्या दिवशी थंडी होती हे खरं आहे.

मार्लिसने आईला शहरात न्यायचं ठरवलं. तिच्या गाडीत सामान मी भरलं. आर्डिसबाई बसताना थांबल्या आणि खिडकीकडे पाहिलं. वेलीची एक फांदी काचेला लागली होती.

"घेतलंच बघ शेवटी, रॉली," त्या म्हणाल्या.

"काय, बाई?"

"घरातलं माणूस," म्हणाल्या आणि पट्टा लावून घेतला.

घर शहरातल्या एका दंतवैद्याने घेतलं. उन्हाळ्यात दोन आठवडे येतो. वेल त्याने पहिल्याच दिवशी काढून टाकली, रंग द्यायचा होता म्हणून. आर्डिसबाई मार्लिसच्या घराजवळ वृद्धाश्रमात तिसऱ्या मजल्यावर असतात. तब्येत उत्तम आहे. तिथे मातीची एकच लहान कुंडी चालते, म्हणून मार्लिसने ते हृदयाचं पान त्यांच्या खिडकीत ठेवलंय. परवा मी भेटून आलो. पान आहे तसंच आहे.